अक्षर न लागण्याची सोय

मराठी घरात मुलाच्या अक्षरावरून त्याचं भविष्य सांगण्याची पद्धत जुनी आहे. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं असलं तर पोरगा नाव काढणार आणि कोंबडीचे पाय उमटले असले तर डॉक्टर होणार, असे दोनच योग. अक्षरही वाईट आणि डॉक्टरही नाही, असा जो तिसरा वर्ग, त्याचा विचार कुणी केलाच नव्हता. खरं तर बहुमत त्याचंच. या उपेक्षितांची दखल शेवटी घेतली ती टॅब्लेट विकणाऱ्यांनी.

पाटी-पेन्सिल सोडून वही-पेनाकडे आणि तिथून कीबोर्डकडे गेलेला माणूस आता चांगले पन्नास हजार मोजून परत पाटी-पेन्सिलीवर आला आहे. फरक एवढाच की ही पाटी काचेची आहे आणि ती लिहिलेलं वाचते म्हणे. काहीही खरडा, खरडलेल्याभोवती पेनाने कुंपण घाला, एक बटण दाबा, की छापल्यासारखा मजकूर हजर. दुकानातला मुलगा प्रात्यक्षिक करून दाखवतो तेव्हा इंग्रजीत 'हॅलो' लिहितो. 'हॅलो' सोडून दुसरा कुठलाही शब्द दुकानात लिहिला गेलेला मी पाहिलेला नाही. यंत्रांना आता इतकी सवय झाली असेल की पेन नुसतं टेकवलं तरी ती 'हॅलो' म्हणत असतील. गिऱ्हाईक चष्मा पुसत विचारतं, "मराठीत होतं का हो?" मुलगा तिसऱ्याच गिऱ्हाइकाकडे बघत म्हणतो, "होतं ना काका, सगळं होतं."

होतं, हे खरं आहे. अडचण तीच आहे. यंत्राला आपलं अक्षर लागत नव्हतं तोवर जगाचं बरं चाललं होतं. ते लागायला लागलं आणि घोळ सुरू झाले. कारण गिचमिड अक्षर हा आपल्याकडे दोष नसून सोय आहे. माणसाचं शुद्धलेखन, त्याचं गणित आणि मुख्य म्हणजे त्याचं नेमकं म्हणणं काय आहे, या तिन्ही गोष्टी त्या गिचमिडीआड सुखरूप असतात. छापील मजकुरात त्यांना लपायला जागा उरत नाही.

माणसाचं अक्षर यंत्राच्या गळी उतरवण्याचा खटाटोप आजचा नव्हे. १९९३ मध्ये ॲपलने न्यूटन मेसेजपॅड नावाचं, खिशात मावेल असं वाटायला लावणारं पण न मावणारं यंत्र काढलं. त्याच्या पडद्यावर आपण लिहायचं आणि त्याने वाचायचं. वाचण्याचं काम होतं पॅराग्राफ नावाच्या मॉस्कोच्या कंपनीने तयार केलेल्या सॉफ्टवेअरकडे. सोव्हिएत संघ मोडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती; अमेरिकनांची कागदपत्रं वाचण्याचा सराव तिकडे ताजा असेल, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात यंत्र काय वाचेल याचा नेम नव्हता. गॅरी ट्रूडो यांच्या 'डून्सबरी' या वृत्तपत्री चित्रमालिकेने त्याच वर्षी न्यूटनच्या वाचनाची यथेच्छ टर उडवली. पुढच्या आवृत्त्यांत यंत्राचं वाचन चांगलंच सुधारलं, पण एकदा गावाने नाव ठेवलं की ठेवलं. १९९८ मध्ये न्यूटन बंद पडला. पॅराग्राफचे संस्थापक स्टेपान पाचिकोव्ह यांनी नंतर एव्हरनोटचा पाया घातला, म्हणजे लोकांच्या नोंदी साठवून ठेवण्याचा धंदा काढला. धंदा म्हणून हाच जास्त शहाणपणाचा, कारण नोंदी साठवणाऱ्याला त्या वाचाव्या लागत नाहीत. ज्याच्या असतात तोही वाचत नाही.

न्यूटन गटांगळ्या खात असतानाच, १९९६ मध्ये, पाम पायलट आला. त्याचे कर्ते जेफ हॉकिन्स यांनी प्रश्न उलटाच टाकला: यंत्र माणसाचं अक्षर शिकत नाही ना, मग माणसाने यंत्राचं शिकावं! त्यांनी ग्राफिटी नावाची बाराखडीच काढली. प्रत्येक अक्षर शक्यतो एका फटक्यात, पेन न उचलता. इंग्रजी 'ए'ची मधली आडवी रेघ गाळायची, बाकीच्या अक्षरांनाही असेच हातपाय आखडायला लावायचे. गंमत म्हणजे मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं विमानतळावर बसून मुकाट्याने ही बाराखडी गिरवायला लागली. पाचवीपर्यंत बाईंनी हातावर पट्ट्या मारून जे वळण लागलं नव्हतं, ते बॅटरीवरच्या एका डबीने लावलं. आयुष्यभर जगाला नकला काढायची यंत्रं विकणाऱ्या झेरॉक्सने मात्र, ही एका फटक्यातल्या अक्षरांची कल्पना आमची नक्कल आहे म्हणून १९९७ मध्ये दावा ठोकला आणि तो कित्येक वर्षं चालवला. २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी अशा लेखणीची जाहीर चेष्टा केली. २०१५ मध्ये त्यांच्याच कंपनीने ॲपल पेन्सिल बाजारात आणली. बाजारात कुणी कुणाची चेष्टा करू नये, पुढे तीच वस्तू विकायची वेळ येते.

या सगळ्या झकपक मंडळींच्या आधी हे काम मनावर घेतलं होतं पोस्टाने. पत्ता लागला नाही तर पत्र पडून राहतं, इतका साधा हिशोब. यान लकून आणि त्यांच्या बेल लॅब्जमधल्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पाकिटांवर हाताने लिहिलेले आकडे यंत्राकडून वाचून घेतले. ते आकडे बफेलो शहराच्या पोस्टातून जाणाऱ्या टपालावरचे होते. पुढे अशा हस्तलिखित आकड्यांचा एक प्रसिद्ध साठा तयार झाला, एमनिस्ट नावाचा: ६०,००० नमुने यंत्राला शिकवायला आणि १०,००० त्याची परीक्षा घ्यायला. निम्मे नमुने अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हातचे होते आणि निम्मे हायस्कुलातल्या मुलांचे. त्यांत सरकारी कर्मचाऱ्यांचं अक्षर स्वच्छ आणि पोरांचं गिचमिड निघालं. सरकारी कागदावरचं अक्षर लागणं ही कल्पनाच आपल्याला नवी, त्यामुळे अमेरिका पुढारलेला देश आहे हे इथे मान्य करावं लागतं.

आपल्या सरकारने मात्र यंत्राची वाट पाहिली नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. तो आणणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी आणि वर संस्कृतचे कवी. अख्खं शास्त्र एका सूत्रात बसवणारी परंपरा पाठीशी असल्यावर अख्खं गाव सहा आकड्यांत बसवणं त्यांना जड गेलं नसावं. गरजही तशीच होती. एकट्या महाराष्ट्रात वडगावं किती, याची मोजदाद वडगावकरांनीही केली नसेल. त्यात देशभरच्या लिप्या आणि देशभरची अक्षरं. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोस्टाचे, की पत्र बरोबर दारात. बाकीचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागे, जोशांच्या वाड्यात, जिन्याखालची खोली' असा कितीही रंगवा. ते साहित्य झालं.

आकड्यांवरून अक्षरांवर येऊ. टॅब्लेट आपलं अक्षर वाचतो असं म्हणतात ते तितकंसं खरं नाही. तो आपलं लिहिणं बघत असतो. पेन कुठे टेकलं, कुठल्या दिशेने गेलं, कधी उचललं, कुठे दाबलं, याची सेकंदा-सेकंदाची नोंद त्याच्याकडे असते. कागदाचा फोटो काढून दिला तर यंत्राला नुसता निकाल दिसतो. काचेवर लिहिलं तर गुन्हा घडताना दिसतो. त्यामुळे काचेवरचं लिहिणं ओळखणं एरवी सोपं.

हे 'एरवी' देवनागरीपाशी संपतं. आपली शिरोरेषा शेवटी येते. आधी शब्द लिहायचा, मग त्याच्या डोक्यावरून रेघ ओढायची. यंत्र पेन उचललेलं पाहून क्षणभर थांबतं आणि 'झालं वाटतं यांचं' म्हणून वाचायला घेतं. तेवढ्यात रेघ येते. काही ॲपांत शब्दावरून आडवी रेघ गेली की तो शब्द खोडला असा अर्थ घेतात. हात अंमळ खाली आला की ती शिरोरेषा न राहता फाशीचा दोर होतो आणि शब्द जागच्या जागी गतप्राण. शाळेत शिरोरेषा दिली नाही म्हणून मार्क कापले जायचे, इथे दिली म्हणून शब्द कापला जातो. शिवाय शिरोरेषेच्या बाबतीत समाज एकसंध नाही. काहीजण प्रत्येक शब्दाला वेगळी रेघ देतात, काहीजण ओळ संपल्यावर एकच लांबलचक रेघ ओढून सगळ्या शब्दांचा एकदम निकाल लावतात आणि उरलेल्यांनी दहावीच्या शेवटच्या पेपरानंतर रेघ काढलेलीच नाही.

रेघ न देण्याचे परिणाम गंभीर आहेत. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक मुळात डोक्यावर आहे: रेघ कुठे जुळते आणि कुठे तुटते, एवढाच. रेघच गेली की धन आणि घन एक. 'ख'चे दोन तुकडे जरा लांब पडले की 'रव', आणि 'र' 'व' जवळ आले की 'ख'. त्यातून आपण एकाच ओळीत देवनागरी आणि इंग्रजी आकडे सुखाने मिसळतो. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला हुबेहूब. देवनागरी चार पाहून इंग्रजी आठ आठवला नाही असा माणूस विरळा. या सगळ्याचा संगम एका किराणा यादीत पाहण्यात आला. काकूंनी काचेवर स्वच्छ लिहिलं होतं, 'रवा १ किलो'. यंत्राने करून दिलं, 'खा ९ किलो'. काका मधुमेहाचे. त्यांनी तो फोन दिवसभर हातात धरून ठेवला होता आणि येईल त्याला दाखवत होते. त्याखालच्या ओळीत रविवारचा बेत होता. तिथे भरली वांगी मरून पडली होती.

अडलेल्या ठिकाणी यंत्र अंदाजाने वाचतं. आधीचा शब्द काय, पुढचा काय, लोक सहसा काय लिहितात, यावरून ते ठरवतं. हे कसब आपल्याला नवं नाही. नाक्यावरचा औषधवाला पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलाय. चिठ्ठीवर एक वेडीवाकडी रेघ असते, शेवटी एक टिंब असतं. तो चिठ्ठीकडे बघतो, डॉक्टरच्या शिक्क्याकडे बघतो, मग आपल्याकडे बघून विचारतो, "खोकला कोरडा आहे का?" आपण "हो" म्हणतो आणि तो बरोबर बाटली काढतो. त्याने रेघ वाचलेलीच नसते, आपल्याला वाचलेलं असतं. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहा. नाक्यावर त्याची फारशी कुणकुण लागलेली दिसत नाही.

आता, औषधवाला आपल्या गल्लीतला असतो. यंत्राने मात्र जगभरचं वाचलेलं असतं आणि देवनागरी म्हणून त्यात मराठीपेक्षा हिंदी कितीतरी जास्त. शिवाय पुष्कळदा ॲपातली भाषा हिंदीवर ठेवलेली असते. देवनागरी म्हणजे हिंदी, असं नव्या फोनचं ठाम मत असतं. मग ते आपला मजकूर वाचत नाही, सुधारतं. 'शाळा'ची 'शाला' करतं, 'पाणी'चं 'पानी' करतं आणि 'ळ' दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. बाजारातून आणलेली केळी 'केली' होतात. कैऱ्यांमधला तो आडवा पडलेला 'र' पाहून ते गप्पच बसतं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा असं ठरवून दिलं, पण शासन निर्णय यंत्रापर्यंत पोचायला वेळ लागतो. आपल्याकडे तो तालुक्यापर्यंत पोचायला लागतो. एका सात्त्विक घरातल्या आजोबांनी परदेशातल्या नातीला टॅब्लेटवर हौसेने चार ओळी लिहिल्या आणि शेवटी 'काळजी नसावी' असं लिहिलं. नातीला मिळालं, 'कलेजी नसावी'. तिने उलट कळवलं, "आजोबा, नसते. आम्ही फक्त अंडं खातो." आजोबांना अंड्याचंही ठाऊक नव्हतं.

हे झाले न लागलेल्या अक्षराचे घोळ. ते हसून सोडून देता येतात. लागलेल्या अक्षराचे घोळ त्याहून वाईट.

शुद्धलेखनाचंच घ्या. पहिली वेलांटी की दुसरी, हा प्रश्न ज्याला आयुष्यात कधीच सुटला नाही, अशा मराठी माणसाने त्यावर एक अहिंसक तोडगा काढला होता. वेलांटीचा दांडा अक्षराच्या डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही, सरळ त्याच्या अंगावर पाडायचा. उकाराच्या शेपटीला असा काही पीळ द्यायचा की पहिला वाटला तर पहिला, दुसरा वाटला तर दुसरा. तपासणाऱ्या बाईंच्या मनात जे बरोबर असेल तेच त्यांना तिथे दिसायचं. देव आणि वेलांटी, दोन्ही पाहणाऱ्याच्या भावनेवर. या तोडग्यावर पिढ्या पास झाल्या, नोकरीला लागल्या आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात भाषण लिहून घेताना पुन्हा तोच वापरत्या झाल्या. यंत्राला भावना नाही. त्याला पहिली किंवा दुसरी, एक काहीतरी निवडावीच लागते, आणि ते निवडतं ती आपल्या नावावर चढते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम ज्यांनी इतकी वर्षं शिताफीने चुकवले, ते असे काचेवर सापडतात.

आपले पूर्वज या बाबतीत जास्त सुखी होते. मोडीत पहिल्या-दुसऱ्या वेलांटीचा भेद सहसा पाळतच नसत. बोरू उचलायचा नाही, पानावर आधीच मारलेल्या आडव्या रेघेला अक्षरं लटकावत सुटायचं आणि शब्दांमध्ये जागा सोडायचीही तसदी घ्यायची नाही. पेशवाईचा सगळा कारभार या लिपीत झाला, फौजा हलल्या, वसूल आला, आणि 'वसूल'चा सू दुसरा की पहिला यावरून एकाही कारकुनाचा पगार अडला नाही. त्या कारभाराचे कागद आज पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. ते घडाघडा वाचणारी माणसं थोडी आहेत. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणणाऱ्यांना आर्जवं करून बोलावून आणावं लागलं. एरवी ज्यांच्याकडे घरचेही 'बसलेत काहीतरी वाचत' म्हणून बघायचे, त्यांना एकदम सरकारी गाडी आली. न लागणाऱ्या अक्षराचा हाही एक फायदा: ते लागणाऱ्याला भाव येतो.

दुसरं दुखणं टिपणांचं. व्याख्यानात, मीटिंगमध्ये माणूस मान खाली घालून भराभरा लिहीत असला की त्याच्याबद्दल आदर वाटतो. त्या पानावर बाण असतात, चौकटी असतात, एका शब्दाभोवती तीन वर्तुळं असतात. लांबून पाहिलं तर काहीतरी मोठं शिजतंय. हेच पान यंत्रातून छापील करून घेतलं की बाण गळतात, चौकटी गळतात आणि उरतं ते असं: 'महत्त्वाचं. बघणे. त्यांच्याशी बोलणे. जून? अत्यंत महत्त्वाचं.' काय महत्त्वाचं, कुणाशी बोलायचं आणि कुठल्या सालचा जून, हे पानावर कधीच नव्हतं. बाणांमुळे ते आहे असं वाटत होतं.

आणि आता आमच्या सोसायटीची गोष्ट, कारण या विषयात तिच्याइतका अभ्यास दुसरीकडे झालेला नाही.

सहकारी सोसायटीची वार्षिक सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिच्यात विषय क्रमांक एक ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आमचे सेक्रेटरी वर्षानुवर्षं इतिवृत्त हाताने, एका लांबट हिशोबाच्या वहीत लिहीत आले. त्यांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, एकमेकांत अडकलेलं आणि मुंगीच्या चालीचं. ते फक्त त्यांनाच लागायचं. त्यामुळे वाचायचे तेच. यंदा तिसऱ्या मजल्यावरचे काका घुश्शात असले की गेल्या वर्षी गळतीचा विषय 'प्राधान्याने' घ्यायचं ठरल्याचं निघायचं. तळमजल्यावरच्या काकू उठून उभ्या राहिल्या की त्याच ओळीत 'तथापि' सापडायचं. सगळे "कायम, कायम" म्हणायचे, सामोसे यायचे. इतकी वर्षं एकही तक्रार निबंधकांकडे गेली नाही.

मग सेक्रेटरींच्या लेकीने त्यांना वाढदिवसाला टॅब्लेट दिला. सेक्रेटरी हौशी. सभेचं इतिवृत्त त्यांनी काचेवर लिहिलं, बटण दाबलं आणि न वाचता रात्री साडेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून झोपले. सकाळी ग्रुपवर दूधवाल्याच्या आधी सगळे हजर.

सोसायटीच्या नावात शेवटी 'धाम' आहे. यंत्राने मथळ्यातच तिथे 'घाम' केला होता. पुढे: 'विषय क्र. २. गळतीबाबत तिसऱ्या मजल्याने प्रश्न भांडला. तळमजल्यानेही आपले मत भांडले. सर्व सदस्यांनी आपापले मुद्दे सविस्तर भांडल्यानंतर मा. अध्यक्षांनी आपली बाजू भांडली.' विषय क्रमांक चारमध्ये खजिनदारांनी थकबाकीदारांना त्वरित 'मरणा' करण्याची कळकळीची विनंती केली होती. आणि सगळ्यात खाली, दुरुस्ती निधी प्रत्येकी ४०० रुपये ठरला होता तो यंत्राने ८०० वाचला होता. खजिनदारांचं म्हणणं पडलं की एवढी एक चूक तशीच राहू द्यावी.

"अहो, पण दुसऱ्या विषयात चूक काय आहे?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "मी होते ना तिथे. झालं ते असंच झालं." बारा वर्षांत पहिल्यांदा इतिवृत्त खरं आल्याबद्दल अनेकांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

सेक्रेटरी ओशाळले. दुपारभर बसून त्यांनी सगळे भ-म जागच्या जागी नेले, मेलेला भरणा जिवंत केला, आठशेचे चारशे केले आणि शुद्ध इतिवृत्त पुन्हा टाकलं. इथून खरी आफत सुरू झाली. कारण आता अक्षर लागत होतं. विषय क्रमांक दोनखाली स्वच्छ लिहिलं होतं: 'सविस्तर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.'

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ते वाक्य ग्रुपवर डकवून खाली विचारलं, 'योग्य म्हणजे कोणती?' तळमजला म्हणाला, 'कार्यवाही कुणी करायची?' दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, 'सर्वानुमते कसं? मी हात वर केला नव्हता.' वहीत होतं तोवर हेच वाक्य भारदस्त वाटायचं. सेक्रेटरी चष्म्यावरून बघत ते सावकाश वाचायचे, मध्ये एखाद्या शब्दापाशी अडल्यासारखं करायचे, आणि त्या अडण्यात सगळ्यांना आपापला न्याय मिळून जायचा. छापील अक्षरांत ते वाक्य म्हणजे नुसता वारा होता.

मग एका उत्साही तरुणाने जुन्या वह्यांचे फोटो काढून तेही यंत्राला घातले. फोटोवरून यंत्राला धड लागत नाही, तरी जे लागलं ते पुरेसं होतं. साल कुठलंही असो, गळती होती, चर्चा सविस्तर होती आणि कार्यवाही योग्य ती होती. चक्क पार्किंगचा ठरावही सापडला. गेली कित्येक वर्षं ज्या जागेवरून दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती, ती जागा ठरावानुसार पाण्याच्या टँकरसाठी राखीव होती. आता ती दोन घरं एकमेकांशी बोलतात, आणि दोघं मिळून सेक्रेटरींशी बोलत नाहीत.

महिनाभर ग्रुपवर झोप नाही. गणपतीची वर्गणी रखडली. शेवटी अध्यक्षांनी विशेष सभा बोलावली. विषय एकच. यंत्राच्या बाजूने तो तरुण बोलला. पारदर्शकता, शोधण्याची सोय, कागदाची बचत, सगळं मुद्देसूद. त्याचं ऐकून घेतलं, कारण सामोसे यायचे होते. मग तळमजल्यावरच्या काकू उठल्या. "बाळा, तुझं सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण आम्हाला इथे राहायचंय."

सोसायटीचे इतिवृत्त यापुढे पूर्वीप्रमाणे हस्तलिखितच ठेवण्यात यावे, असा ठराव तिसऱ्या मजल्याने मांडला. तळमजल्याने अनुमोदन दिलं. या दोन मजल्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, वकिलांनीसुद्धा हात वर केला, आणि सेक्रेटरींनी तो तिथल्या तिथे वहीत लिहून घेतला.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका ती वही पाहून आले. त्यांच्या वाचण्यात, त्या ठरावाच्या शेवटच्या ओळीत गळतीचा खर्च सोसायटीने उचलायचं ठरलं आहे. काकूही पाहून आल्या. त्यांच्या वाचण्यात तो तिसऱ्या मजल्यानेच उचलायचा आहे. सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणतात, दोघांचंही बरोबर आहे. पुढच्या सप्टेंबरपर्यंत सोसायटीत पूर्ण शांतता आहे आणि छतातून पाणी नियमित येतं.